मांडववाल्याचं पक्कं छप्पर

काकांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचा मान मला कधीच मिळाला नाही. ती जागा छपराची होती. म्हणजे शिंगल्सच्या गठ्ठ्याची. डांबर पाजलेल्या, वरून बारीक खडी चिकटवलेल्या आणि खालच्या कडेला तीन-तीन जिभा कापलेल्या त्या पट्ट्या. इथे आयर्लंडमध्ये बागेतल्या लाकडी केबिनवर त्याच घालतात. काका तो गठ्ठा घरून गोधडीत गुंडाळून आणायचे, सीटवर आडवा ठेवायचे आणि त्याला बेल्ट लावायचे. मी मागे, शिडीच्या शेजारी. हीटरची सगळी हवा गठ्ठ्याकडे. सँडीफोर्डहून विकलोच्या डोंगरात पोचेपर्यंत माझ्या पायांची बोटं बधिर झालेली असायची.

एकदा मी म्हटलंच, "काका, थोडी हवा मागे सोडा की."

"तुला काय होतंय? तू वाकलीस म्हणून मोडणार आहेस का?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. थंडीत ह्या पट्ट्या कडक होतात आणि वाकवल्या की भेगाळतात. शिवाय प्रत्येक जिभेखाली डिंकाची एक रेघ असते. ती उन्हाने वितळावी आणि खालच्या पट्टीला चिकटावी अशी बनवणाऱ्यांची अपेक्षा असते. त्यांनी आयर्लंडचं ऊन पाहिलेलं नसावं. ऑक्टोबर लागला की ती रेघ एप्रिलपर्यंत ढिम्म हलत नाही, आणि झाडीतल्या घरांवर तर उन्हाळ्यातही ऊन उतरत नाही. म्हणून काका गठ्ठे आदल्या दिवशी घरच्या हॉट प्रेसमध्ये ठेवायचे. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. इथली माणसं त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात. काकांच्या घरी टॉवेल जिन्याच्या कठड्यावर आणि कपाटात शिंगल्स. काकू ड्रोहेडाला हॉस्पिटलात नर्स होत्या. त्यांच्या युनिफॉर्मला कायम डांबराचा वास. "पेशंट विचारतात, सिस्टर, बाहेर रस्त्याचं काम चाललंय का?" हे त्या मला फोनवर सांगायच्या, तेही विनोद म्हणून नाही, रीतसर तक्रार म्हणून.

काका मूळचे शिरूरकडचे. पुण्यात तीस वर्षं त्यांचा मांडवाचा धंदा होता, वडिलांचाही तोच. लग्नं, मुंजी, बारशी, सभा, कोणाचं काही असो, बांबू काकांचे. "आयुष्यभर तीन दिवसांची छपरं घातली," असं ते म्हणायचे, "चौथ्या दिवशी आपल्याच हाताने सोडायची." काकूंना इथे नोकरी लागली तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले. बांबू विकून टाकले आणि बायकोच्या व्हिसावर आले. पुरुषमाणूस असून डिपेंडंट म्हणवून घेण्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. कोणी विचारलं की सांगायचे, "मी पदराखाली आहे. आत कोरडं असतं."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. उत्सव एका शाळेच्या हॉलमध्ये होता. हॉलला भिंती होत्या, दिवे होते, चांगलं पक्कं छत होतं. त्या छताखाली काका शिडीवर चढून पिवळ्या कापडाचं दुसरं छत बांधत होते.

"काका, वर छत आहे की," कार्यकर्त्यांपैकी कोणीतरी म्हणालं.

"ते शाळेचं. देवाला आपलं नको?"

आरतीला पाऊण तास उशीर झाला, कारण मधली झालर त्यांच्या मनासारखी पडत नव्हती. लोक चरफडले. मला मात्र माणूस आवडला.

पुढच्या वर्षी सगळं जग घरात बसलं. आमचं घर म्हणजे सँडीफोर्डचा एका बेडरूमचा फ्लॅट, आणि त्या बेडरूममध्ये नवऱ्याचं ऑफिस आलं. दिवसभर दारापलीकडून 'कॅन यू हिअर मी' ऐकून मला वेड लागायची पाळी आली. मी पुण्यात एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग्ज काढायचे. इथे माझ्या हाताला काम नव्हतं. तिकडे आयरिश माणसांनाही घरात ऑफिस मावेना. ज्याच्या मागे चार हात बाग, त्याला तिथे लाकडी केबिन हवी झाली. भिंती उभ्या करणारे होते, पण छपराला माणूस मिळेना. काकांनी तेवढंच धरलं. फक्त छप्पर. त्यांना इंग्रजी बोलणारं आणि डिंक लावणारं कोणीतरी हवं होतं. त्यांचं स्वतःचं इंग्रजी 'ग्रँड' ह्या एका शब्दावर चालायचं. 'ग्रँड' म्हणजे हो, 'ग्रँड' म्हणजे नाही, आणि लांबवलेलं 'ग्रँ...ड' म्हणजे, बाई, तुमच्या त्या सुताराने वाट लावली आहे.

कामाच्या त्यांच्या रीती होत्या आणि त्यात बदल नव्हता. छपरावर बूट घालून चढायचं नाही. कडाक्याच्या थंडीत दोन-दोन लोकरी मोजे घालून आम्ही वर. मला वाटायचं खडी निघू नये म्हणून असेल, आणि तेही होतंच. पण काकांचं कारण वेगळं होतं. "ज्याच्या डोक्यावर घालतोय, त्याच्या डोक्यावर बुटाने कसं चढायचं?" दुसरी रीत मुहूर्तमेढीची. लग्नाच्या मांडवाचा पहिला खांब जसा पूजा करून रोवतात, तशी केबिनच्या कोपऱ्याला एक लाकडी पट्टी उभी ठोकायची, तिला हळद-कुंकू, सुपारी आणि आंब्याच्या जागी समोर असेल त्या झाडाचा डहाळा. विकलोत एका पंचाहत्तरीच्या बाईंनी हे सगळं मास्कवरून डोळे बारीक करून पाहिलं. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर त्या आत निघून गेल्या. आता पोलीस येतात की काय, असं मला वाटलं. बाई बाहेर आल्या त्या तीर्थाच्या पाण्याची छोटी बाटली घेऊन. त्यांनी मुहूर्तमेढीवर पाणी शिंपडलं, क्रूसाची खूण केली आणि काकांकडे बघून मान डोलावली. काका म्हणाले, "ग्रँड." त्या दिवशी तो शब्द अगदी बरोबर जागी बसला.

छप्पर पुरं झालं की मालकाला लगेच आत जाऊ द्यायचं नाही. आधी काका आत जमिनीवर उताणे पडायचे. मांडव खालून बघायचा असतो, कारण पंगतीला बसलेला माणूस वर बघतो, हे त्यांचं तत्त्व. अर्धा तास, कधी तास. पाऊस चालू असला तर डोळेही मिटून घ्यायचे. "गळती आधी कानाला कळते." बाहेर मालक-मालकीण ताटकळत उभे, आणि मी त्यांना सांगते आहे की हा आमच्या क्वालिटी चेकचा भाग आहे.

पाइनच्या झाडांशी त्यांचं वैर होतं. छपरावर सुया पडतात, साचतात, ओल धरतात. काम घेण्याआधी ते विचारायचे, "शरदात छप्पर झाडणार कोण?" 'आम्ही बघू' असं उत्तर चालायचं नाही. नाव लागायचं. एका घरात नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिले, तेव्हा काकांनी शिडी परत गाडीवर बांधली. मला त्यांचा राग आला होता. दीड तास मागच्या सीटवर कुडकुडत मी तिथवर गेले होते. परतताना त्यांनी मला वाऱ्यापावसाचा धडा दिला. "पाऊस पाहुणा असतो. त्याला वाट दाखवली की जातो. वारा जावई. त्याचा मान ठेवावा लागतो, नाहीतर तो सगळ्या कार्याचा विचका करतो."

हे ज्ञान त्यांना कुठे मिळालं, ते मला काकूंनी सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काकूंच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मांडव अर्थातच जावईबापूंचा. जेवणाची पंगत बसली आणि वावटळ उठली. अर्धा मांडव पंगतीवर आला. बांबू नेमका काकूंच्या वडिलांच्या कपाळावर. तीन टाके पडले. वरपक्षाने जिलब्या कापडाखालून ओढून काढून खाल्ल्या, आणि पुढची कित्येक वर्षं ते हसत हसत सांगितलं. त्या दिवसापासून काकू नवऱ्याच्या मांडवात बसल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. नुसतं बसायचं नाही. गावातल्या कार्याला गेल्या तर मांडवाबाहेर उन्हात खुर्ची टाकून बसायच्या. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला त्यांनी स्लॅबचं कार्यालय घ्यायला लावलं. मांडववाल्याच्या मुलीचं लग्न कार्यालयात! काकांनी मुकाट्याने घेतलं.

"छत्तीस वर्षं झाली, काकू," मी म्हटलं.

"मला राग नाहीये गं. पण वर त्यांचं कापड दिसलं की माझं लक्ष वरच राहतं. घास उतरत नाही."

जानेवारीत इथली साथ भडकली. बांधकामं बंद झाली, आमचंही काम थांबलं. काकूंची ड्यूटी कोविड वॉर्डात लागली, सगळ्या रात्रपाळ्या. काकांच्या हृदयाची एक झडप पुण्यात असतानाच बदललेली. काकूंनी आजार घरी आणला तर काका वाचणार नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं. काकूंना एका हॉटेलात खोली मिळत होती. त्यांनी बॅगही भरली. त्यांचं भाड्याचं घर ड्रोहेडाच्या बाहेर, बीच नावाच्या झाडांच्या राईला लागून. मागे बाग होती, आणि नाताळाआधी कोणीतरी रद्द केलेल्या एका छोट्या केबिनचं लाकूड काकांनी तिथे आणून ठेवलेलं होतं.

"हॉटेलात कशाला?" काका म्हणाले. "मागे खोली करतो. खिडकीतून दिसशील तरी."

काकूंनी भरलेल्या बॅगेची चेन लावली. मग म्हणाल्या, "एक दिवस झोपून बघते. एक थेंब जरी पडला ना, तर मी हॉटेलात. मग मला थांबवायचं नाही."

हे काकांनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "सोमवारी सकाळी ती नाइट करून येणार. भिंती मी उभ्या करतो. तू शनिवारी तुझ्याकडचे गठ्ठे घेऊन ये."

त्यांच्या कपाटात मावेनात म्हणून चार गठ्ठे आमच्या फ्लॅटच्या हॉट प्रेसमध्ये होते. पाच किलोमीटरपलीकडे कारणाशिवाय जायला तेव्हा बंदी होती. मी गठ्ठे रजईत गुंडाळले आणि, सवयीने, पुढच्या सीटवर ठेवून बेल्ट लावला. नाक्यावर गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, गाडी अडवली.

"कुठे निघालात?"

"ड्रोहेडाला. एका नर्ससाठी छप्पर घालायला."

त्याने बेल्ट लावलेल्या रजईकडे पाहिलं. "आणि हे?"

"छप्पर."

"थंडी वाजत असेल त्याला," तो म्हणाला आणि हाताने पुढे जा अशी खूण केली.

दोन दिवस आम्ही त्या छपरावर होतो. साथीचं अंतर म्हणून काका एका टोकाला, मी दुसऱ्या, बोलणं ओरडून. गवतावर दुपारीही हिव तसंच. काका पट्टी बसवायचे, खिळे ठोकायचे, आणि मी मागून पिचकारीने प्रत्येक जिभेखाली डांबरी डिंकाचा ठिपका देऊन ती दाबत यायचे. गठ्ठे एकेक करून स्वयंपाकघरातून आणायचे, गार व्हायच्या आत संपवायचे. एरवी बडबडत काम करणारे काका त्या दोन दिवसांत एकेक खिळा दोनदा तपासत होते. दुसऱ्या दिवशी आढ्याजवळ पोचलो तेव्हा उजेड जात चालला होता, पिचकारीच्या तोंडाशी डिंक गोठत होता आणि माझी बोटं माझी राहिली नव्हती. एका ओळीत दोन-तीन जिभांना ठिपका नीट बसला नाही. मला ते कळलं होतं. उद्या बघू, असं मी मनात म्हटलं. उद्या कुठला? आढ्यावरची शेवटची पट्टी ठोकून काका खाली उतरले, आत जाऊन उताणे पडले. पाऊस नव्हता, त्यामुळे ऐकायला काही नव्हतं.

सोमवारी नेमका वारा आला. सकाळी साडेसातलाच काकांचा फोन: "जावई आले. तू ये." मी पोचले तेव्हा काकू नऊ वाजताच केबिनमध्ये शिरल्या होत्या, दार आतून बंद. काका बागेत, घराच्या भिंतीला पाठ लावून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. रेनकोट, कानटोपी, मांडीवर हात. पाऊस आडवा येत होता. बीचच्या फांद्या कडाकडा वाजत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओरडले, "काका, आत या. काही होत नाही त्याला."

"तू चहा कर," ते म्हणाले. नजर छपरावरून काढली नाही.

चहा मी पायरीवर ठेवला, तो पावसाने भरला. ते हलले नाहीत. दुपारी दोनच्या सुमाराला एक मोठा झोत आला आणि ते आढ्याकडे बघत खुर्चीतून अर्धे उठले. पुन्हा बसले. मी त्यांच्यावर खरंच चिडले होते. झडप बदललेला माणूस न्यूमोनियाने जायचा आणि त्याला कारण असणार एक बागेतली खोली. पण त्यांना ओढून आत आणायची माझी हिंमत नव्हती. छत्तीस वर्षांचा हिशेब त्या एका दिवसावर आला होता, हे मलाही दिसत होतं.

पाच वाजता वारा उतरला आणि दार उघडलं. काकू युनिफॉर्मवर कोट चढवून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. काका बागेच्या ह्या टोकाला उभे राहिले.

"झोप लागली?" त्यांनी विचारलं.

"आठ तास. गाढ." काकूंनी अंबाडा सारखा केला. "डबा पायरीवर ठेवा उद्यापासून. हॉटेलला कळवते मी."

काकांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून त्यांनी कानटोपी काढली आणि उगाचच झटकली. डोळे लाल झाले होते, वाऱ्याने असतील.

गुरुवारी काकूंचा मला फोन आला. आवाज बारीक.

"गळलं गं."

"काय?"

"सोमवारी. दारातून शिरलं की उजव्या हाताला, वर. दोनच्या सुमाराला टपटप सुरू झालं. मी पलंग सरकवला आणि खाली वाटी ठेवली. आवाज बाहेर जाईल म्हणून वाटीत रुमाल घातला. ते बाहेर बसले होते ना."

मला आढ्याजवळच्या त्या जिभा आठवल्या. ती ओळ माझी होती. "काकू, मग हॉटेल?"

"कसलं हॉटेल! पुन्हा झोपले मी. इतकी दमले होते की वर बघायचं राहूनच गेलं." त्या थांबल्या. "त्यांना कळता कामा नये. तू ये, वर चढ आणि काय ते चिकटवून टाक. त्यांनी विचारलं तर सांग, पन्हळीत पानं अडकलीत, ती काढते."

दुसऱ्या दिवशी उन्हाची तिरीप होती. काकू रात्रपाळी करून येऊन केबिनमध्ये झोपल्या होत्या. काका मागच्या दारात मेथी निवडत बसले होते. डिंकाची नळी मी कोटाच्या आत लपवली होती.

"काका, जरा शिडी हवी होती. पन्हळीतली पानं काढते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग छपराकडे. मेथीचं ताट बाजूला ठेवलं, शिडी आणून लावली आणि पाय रोवून धरून उभे राहिले. मी बूट काढले, चढले, वळचणीच्या कडेशी आले आणि तिथेच थबकले.

त्या छपराला पन्हळ नव्हतीच. घाईत लावायची राहिली होती. पाणी सरळ खालच्या खडीवर पडत होतं. दोन दिवस मी त्यावर राबले होते, काकू रोज त्याखालून ये-जा करत होत्या, आणि आम्हा दोघींच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मी खाली पाहिलं. काका शिडी घट्ट धरून झाडीकडे बघत होते.

"आढ्यापासून तिसरी ओळ," ते म्हणाले. "तिथली पानं नीट काढ. आणि हळू. ती झोपलीये."